महामारीतून माणसांकडे : महाकवी निराला

१४ एप्रिल २०२० हा दिवस आम्ही विसरू शकत नाही. टाळेबंदी लागून तीन आठवडे झाले होते. बाबासाहेबांची जयंती आहे आणि रस्त्यावर माणूस नाही, असे आमच्या हयातीत कधी घडले नव्हते. मिरवणूक नाही, निळे झेंडे घेतलेली पोरे नाहीत, पुतळ्यापाशी हार घेऊन उभी असलेली रांग नाही. घरोघरी उंबऱ्यावर मेणबत्त्या लागल्या, घरातच त्रिशरण-पंचशील झाले. आमच्या वस्तीत एक रिक्षाचालक राहतात. ते गायन पार्टीत गातात. एप्रिल-मे हा गायन पार्टीवाल्यांच्या कमाईचा हंगाम. त्या वर्षी एकही कार्यक्रम मिळाला नाही आणि रिक्षाही दारात उभी होती. त्या रात्री त्यांनी खिडकीत बसून, पायी गावाकडे निघालेल्या मजुरांवर स्वतः रचलेले गीत म्हटले. समोरच्या चाळीतून कोणीतरी पत्र्याच्या डब्यावर ठेका धरला. एकेक करून खिडक्या उघडल्या. तीन आठवड्यांनी वस्तीला आपण वस्ती आहोत असे वाटले.

दुसऱ्या दिवशी आमच्या ओळखीच्या एका सुशिक्षित गृहस्थांनी फोन केला. लोकांच्या घरात दाणा नाही आणि ह्यांना गाणी कशी सुचतात, असा त्यांचा सवाल होता. सवाल वरवर बिनतोड वाटतो. माणसे मरत असताना कविता, गाणी, चित्रे हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे, असे आपल्यातल्या अनेक कार्यकर्त्यांनाही वाटते. त्या सवालाला उत्तर म्हणून आज आम्ही एका कवीचे चरित्र सांगणार आहोत. शंभर वर्षांपूर्वीच्या महामारीत ह्या कवीचे जवळजवळ सगळे घर बुडाले आणि तेथूनच त्याची वाट सुरू झाली. त्याचे नाव सूर्यकांत त्रिपाठी ‘निराला’. हिंदीत त्यांना महाकवी म्हणतात. जन्माने ते कान्यकुब्ज ब्राह्मण. आंबेडकरी वर्तमानपत्रात त्यांचे चरित्र कशाला, असे वाचक विचारतील. तो त्यांचा हक्क आहे. आमची विनंती एवढीच, की आधी वाचावे आणि मग निवाडा करावा.

निरालांचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या वर्षांत बंगालमधील महिषादल संस्थानात झाला. मूळ गाव गढाकोला, उत्तर प्रदेशातील उन्नाव जिल्ह्यात. वडील रामसहाय पोट भरण्यासाठी बंगालला गेले आणि महिषादलच्या राजाकडे शिपाईगिरी करू लागले. जात वरची असली तरी घरी जमीनदारी नव्हती, होती ती चाकरी. आई मुलाच्या तिसऱ्या वर्षाच्या आसपास वारली. वडील तापट. मूल वाढले ते बंगाली भाषेत, बंगाली सवंगड्यांत. शाळेत मन रमले नाही, एन्ट्रन्सची परीक्षा पार पडली नाही, तेव्हा वडिलांनी घराबाहेर काढले. लग्न लहानपणीच झाले होते. पत्नी मनोहरादेवी रायबरेली जिल्ह्यातील डलमऊच्या. डलमऊ हे गंगेच्या काठचे जुने गाव. बायकोला हिंदी उत्तम येते आणि आपल्याला येत नाही, ह्याची तरुण नवऱ्याला लाज वाटली. मग हा गडी हिंदी मासिके समोर ठेवून, एकेक शब्द घोटत, स्वतःची मातृभाषा शिकला. ज्या भाषेचा पुढे तो महाकवी झाला, ती भाषा त्याला एका स्त्रीमुळे मिळाली. आपल्याकडे पुरुषांच्या चरित्रात अशा स्त्रिया एका ओळीत संपतात, म्हणून हे मुद्दाम नोंदवतो.

दोन मुले झाली. मुलगा रामकृष्ण आणि मुलगी सरोज. वडील वारले, निराला महिषादलला नोकरीस लागले. आणि १९१८ साल उजाडले.

पहिले महायुद्ध संपत आले होते. युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांबरोबर जूनमध्ये मुंबई बंदरात एक ताप उतरला. इन्फ्लुएन्झा. पहिली लाट सौम्य होती. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दुसरी लाट आली आणि आगगाडीच्या रुळांवरून ती देशभर पसरली. त्या वर्षी पाऊसही रुसला होता, अन्नधान्य महागले होते. एकट्या हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे मेली. ह्या महामारीची झळ सर्वांना सारखीच बसली असे आजही सांगितले जाते. रोगाला जात नसते, हे वाक्य २०२० सालीही आपण खूप ऐकले. रोगाला जात नसेल, पण मरणाला होती! मुंबई शहराच्या त्या वेळच्या आरोग्य अहवालातील आकडे पाहा. दर हजारी युरोपीय मेले ८.३, सवर्ण हिंदू मेले १८.९, आणि ज्यांना अहवाल खालच्या जातीचे हिंदू म्हणतो, ते मेले ६१.६. तिपटीहून जास्त! ही माणसे कोणत्या चाळीत, कोणत्या गटाराच्या काठी, किती जणांच्या खोलीत राहत होती, हे आम्ही वाचकांना सांगण्याची गरज नाही. हा आकडा ध्यानात ठेवावा. शेवटी आम्हाला त्याच्याकडे परत यायचे आहे.

महिषादलला निरालांना तार मिळाली. पत्नी अत्यवस्थ आहे, ताबडतोब या. ते डलमऊला पोहोचले तोवर मनोहरादेवी गेल्या होत्या. गंगेच्या पात्रात जिकडे पाहावे तिकडे प्रेते. दहनाला लाकूड पुरेना, म्हणून माणसे नदीत सोडली जात होती. तेथून ते आपल्या गावी गढाकोल्याला निघाले, तर वाटेतच चुलतभावाचे प्रेत समोरून येताना दिसले. घरी वहिनी आजारी, काका आजारी. वहिनी गेली. तिचे अंगावर पिणारे मूल गेले. काका गेले. काही दिवसांत भरले घर रिकामे झाले. मागे उरली चुलतभावाची चार मुले आणि निरालांची स्वतःची दोन. सगळ्यात थोरला पुतण्या पंधरा वर्षांचा, सगळ्यात धाकटी सरोज एका वर्षाची. आणि ह्या सहा लेकरांचा एकुलता एक आधार, म्हणजे स्वतः निराला, विशी ओलांडलेला, धड परीक्षा पास न झालेला तरुण.

त्या दिवसांत ते डलमऊला गंगेकाठच्या एका उंच टेकाडावर जाऊन बसत. खाली पाण्यात प्रेते वाहत असत. तासन् तास ते नुसते पाहत असत. हे त्यांनी स्वतः पुढे लिहून ठेवले आहे. येथे आम्हाला किसा गोतमीची आठवण होते. मेलेले मूल कडेवर घेऊन ती औषध मागत फिरली. तथागतांनी तिला ज्या घरात कोणी मेले नाही अशा घरातून मोहरी आणायला सांगितले. मोहरी मिळाली नाही, पण दारोदार फिरताना तिला इतरांचे दुःख भेटले आणि स्वतःच्या दुःखाचा वेढा सुटला. निराला त्या टेकाडावरून उठले खरे, पण दारोदार फिरायला त्यांना वीस वर्षे लागली. त्यांची मोहरी म्हणजे त्यांचे लिखाण.

पहिली पायरी स्वतःच्या घरातली होती. घरचे लोक दुसऱ्या लग्नासाठी मागे लागले. वय लहान, पदरी लेकरे, आणि पत्रिकेत दोन विवाह लिहिलेले! निरालांनी ती पत्रिका लहानग्या सरोजला खेळायला दिली. पोरीने तिचे तुकडे केले. ग्रहांनी लिहिलेले भविष्य एका लहान मुलीच्या हातून फाडून टाकणारा हा बाप पुन्हा लग्नाला उभा राहिला नाही. संस्थानची नोकरीही सुटली. १९२० पासून लेख आणि कविता छापून येऊ लागल्या. १९२२ साली ते कलकत्त्याला ‘समन्वय’ मासिकाचे काम पाहू लागले, १९२३ साली ‘मतवाला’ साप्ताहिकात आले, आणि ‘मतवाला’शी यमक जुळणारे ‘निराला’ हे नाव त्यांनी घेतले. पगार तुटपुंजा, मुले आजोळी डलमऊला.

त्यांनी छंदाचे नियम मोडले. मात्रा, गण, यमक ह्यांच्या बेड्यांतून कविता सोडवली. ‘जुही की कली’ ही त्यांची मुक्तछंदातली कविता ‘सरस्वती’ मासिकाने परत पाठवली. जुने पंडित हसले, टवाळी झाली. पण बंधनातून माणूस सुटतो तशी कविताही सुटली पाहिजे, ही त्यांची धारणा होती. आपल्याकडे साठीच्या दशकात दलित साहित्याने जेव्हा अभिजनांच्या शब्दांना धक्का दिला, तेव्हा त्यालाही हेच म्हटले गेले की ही कविताच नव्हे. नियम ज्यांच्या सोयीचे असतात, त्यांना ते मोडणारा नेहमीच अडाणी वाटतो.

दुसरी पायरी जातीची. सरोज मोठी झाली, तेव्हा कान्यकुब्जांच्या रिवाजाप्रमाणे हुंडा, मानपान, कुळशील ह्यांचा बाजार समोर आला. निरालांनी आपल्याच जातीचा त्याबद्दल उघड धिक्कार केला. मुलीचे लग्न हुंडा न देता, वाजंत्री न लावता, भटजी न बोलावता लावले. विधीही स्वतःच म्हटले. ही सरोज १९३५ साली एकोणिसाव्या वर्षात वारली. औषधपाण्याला बापाकडे पैसा नव्हता. १९१८ च्या महामारीतून वाचलेले ते सगळ्यात लहान लेकरू शेवटी दारिद्र्याने नेले. तिच्यावर निरालांनी ‘सरोज-स्मृति’ ही दीर्घ कविता लिहिली. मुलीवर बापाने लिहिलेले एवढे मोठे शोककाव्य हिंदीत त्याआधी नव्हते. बाप म्हणून आपण निकामी ठरलो, तिच्यासाठी काही करू शकलो नाही, हे त्या कवितेत त्यांनी आडपडदा न ठेवता मान्य केले.

येथपर्यंतचे चरित्र म्हणजे एका दुःखी, मानी, बंडखोर कवीचे चरित्र. एवढ्यावर ते थांबले असते तर आम्ही हा लेख लिहिला नसता. पुढची पायरी आमच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

गढाकोल्याला निरालांच्या घराच्या मागे चतुरी नावाचे एक चर्मकार गृहस्थ राहत. जोडे शिवावेत आणि रात्री कबीराची निर्गुण पदे गावीत. भल्याभल्या पंडितांना उलगडत नाहीत ती पदे चतुरींना समजत. निराला त्यांच्यासोबत बसून ती ऐकत. चतुरींनी एक मागणी केली. माझ्या पोराला, अर्जुनाला, शिकवा. निराला शिकवू लागले. मोबदला ठरला तो असा, की चतुरींनी बाजारातून मांस आणून द्यायचे! ब्राह्मणाच्या ओट्यावर चर्मकाराचा मुलगा पाटी घेऊन बसतो आणि ब्राह्मण मांस खातो, ह्या दोन्हींची गावात चर्चा झाली. पुढे सुट्टीत निरालांचा मुलगा आजोळाहून आला. तो अर्जुनापेक्षा लहान, पण अर्जुनाला संस्कृत शब्द गावच्या उच्चाराने म्हणायला लावायचा आणि हसायचा. निरालांनी ते ऐकले. पोराला जन्मतःच मिळालेली ही घमेंड कोठून आली हे त्यांना उमगले. त्यांनी पोराला फटकारले आणि हा प्रसंग जसाच्या तसा ‘चतुरी चमार’ ह्या कथेत लिहून टाकला. स्वतःच्या घरातील जातीयवाद चव्हाट्यावर मांडणारे किती सवर्ण लेखक आपल्याला माहीत आहेत?

त्याच कथेत आणखी एक गोष्ट आहे. जमीनदाराच्या शिपायाला चतुरींनी दरवर्षी जोडा फुकट द्यायचा, अशी पिढ्यान् पिढ्यांची रीत होती. चतुरींनी विचारले, हे लिहिले आहे कोठे? गावच्या वहिवाटीच्या सरकारी नोंदवहीला तिकडे ‘वाजिब-उल-अर्ज’ म्हणत. मैलोगणती पायपीट करून, कोर्टाचे उंबरे झिजवून, पदरचे गमावून शेवटी चतुरींनी शोधून काढले की त्या नोंदवहीत फुकटच्या जोड्याचा शब्दसुद्धा नाही. आणि हे सांगताना ते हसत होते. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या विधिमंडळात महार वतनाचे बिल मांडले, त्यामागे हाच प्रश्न होता. आमच्या माथी मारलेली ही फुकटची चाकरी कोणत्या न्यायाने? उन्नावच्या त्या चर्मकाराने तोच प्रश्न आपल्या पायांनी चालत विचारला. निरालांनी तो विचारला असे आम्ही म्हणत नाही. प्रश्न चतुरींचा. निरालांनी तो ऐकला आणि कागदावर उतरवला, एवढेच त्यांचे श्रेय.

आणि १९३९ साली ‘कुल्ली भाट’ हे पुस्तक आले. महामारीतल्या त्या गंगाकाठची हकीकत निरालांनी ह्याच पुस्तकात लिहिली आहे. पण पुस्तक स्वतःच्या दुःखाचे नाही. डलमऊच्या एका बदनाम माणसाचे ते चरित्र आहे. पुरुषांविषयी आकर्षण असलेला म्हणून कुल्लींना गाव नावे ठेवी. पुढे त्यांनी एका मुस्लिम स्त्रीशी लग्न केले, तेव्हा तर गावाने त्यांना वाळीतच टाकले. ह्या वाळीत टाकलेल्या माणसाने अस्पृश्यांच्या मुलांसाठी शाळा काढली. निराला ती पाहायला गेले. धोबी, भंगी, डोम, पासी, चर्मकार अशा घरांतली मुले बसली होती, त्यांचे आईबापही आले होते. पाहुण्याचा मान म्हणून त्यांनी पानांच्या द्रोणात फुले आणली. पण पाहुणा ब्राह्मण, त्याला शिवायचे कसे? म्हणून एकेक जण येई आणि द्रोण लांबून जमिनीवर ठेवून मागे सरे. ते पाहून निरालांची मान शरमेने खाली गेली. त्यांनी सांगितले, फुले माझ्या हातात द्या. पुढे कुल्ली वारले आणि गावच्या भटजींनी त्यांचे अकराव्याचे विधी करायला नकार दिला, तेव्हा निरालाच त्या विधवेच्या घरी पुरोहित होऊन बसले.

ज्या डलमऊला १९१८ साली ते टेकाडावर बसून प्रेते मोजत होते, त्याच डलमऊला त्यांना जिवंत माणसे भेटली. गावाने टाकलेला कुल्ली, कुल्लीची बायको, द्रोण ठेवून मागे सरणारी लेकरे. ह्या माणसांपर्यंत त्यांना कोणी नेले? त्यांच्या लिखाणाने नेले. अलाहाबादच्या रस्त्यावर उन्हात खडी फोडणारी बाई त्यांच्या कवितेत आली ती त्याच वाटेने. १९४२ साली त्यांनी संत रविदासांवर कविता लिहिली आणि एका चर्मकार कवीच्या चरणी स्वतःचा नमस्कार अर्पण केला. श्रीमंतांच्या हवेल्या शेतकऱ्यांच्या आणि अस्पृश्यांच्या शाळा व्हाव्यात, हे स्वप्नही त्यांनी कवितेतच पाहिले.

आम्ही निरालांची पूजा करायला निघालेलो नाही. विभूतिपूजेचा धोका बाबासाहेबांनी १९४३ सालच्या रानड्यांवरील भाषणात आपल्याला सांगून ठेवला आहे. निरालांनी हिंदू धर्म सोडला नाही. ‘राम की शक्तिपूजा’ आणि ‘तुलसीदास’ ह्या त्यांच्या गाजलेल्या रचनांचे विश्व आपले नव्हे. आणि लिखाणाने त्यांचे दुःख बरे झाले असेही नाही. शेवटची वर्षे अलाहाबादच्या दारागंज भागात त्यांनी विस्कटलेल्या मनाने काढली. १५ ऑक्टोबर १९६१ रोजी ते गेले. कविता म्हणजे औषध नव्हे. पण प्रेतांकडे पाहत बसलेल्या माणसाला ती उठवते आणि दुसऱ्याच्या दारापर्यंत चालवत नेते, एवढे निरालांच्या चरित्रावरून निश्चित म्हणता येते.

आता त्या आकड्याकडे परत येऊ. मनोहरादेवींचे मरण आज जगाला माहीत आहे, कारण त्यांच्या नवऱ्याच्या हातात लेखणी होती. त्याच वर्षी मुंबईच्या चाळींतून हजारी ६१.६ या दराने आपली माणसे गेली. त्यांच्यातही कोणी सरोज असेल, कोणी मनोहरा असेल, भावाचे प्रेत वाटेत पाहणारा कोणी असेल. त्यांचे एक गीत नाही, एक ओळ नाही. ते एका दशांश चिन्हात मावले! त्यांना दुःख कमी होते काय? लेखणी त्यांच्या हातात येऊ दिली नव्हती. निराला ब्राह्मण होते, गरीब असूनही अक्षर त्यांच्या घरात होते. हा फरक विसरून त्यांचे चरित्र वाचले तर ते अर्धेच वाचले असे होईल.

मे २०२१ मध्ये गंगेच्या पात्रात पुन्हा प्रेते दिसली. निरालांच्याच उन्नाव जिल्ह्यात नदीकाठच्या वाळूत प्रेते पुरलेली सापडली. शंभर वर्षांत नदीने तेच दृश्य दुसऱ्यांदा पाहिले. पण एक गोष्ट बदलली आहे. आज लेखणी आपल्या हातात आहे. ती बाबासाहेबांनी दिली आहे. १८९७ सालच्या प्लेगमध्ये रुग्णसेवा करताना प्राण वेचलेल्या सावित्रीबाईंनी त्याच्याही आधी ती आपल्या आयाबहिणींच्या हातात ठेवली आहे. सावित्रीबाई स्वतः कवयित्री होत्या, हेही विसरू नये.

आमच्या वस्तीतल्या त्या रिक्षाचालक गायकाकडे आम्ही नंतर गेलो होतो. त्यांनी गाण्यांची वही दाखवली. दुसऱ्या लाटेनंतर त्यांनी वहीच्या मागच्या पानांवर वस्तीतून गेलेल्यांची नावे लिहिली आहेत. नावापुढे गाव, काम, आणि त्या माणसाला कोणते गीत आवडायचे ते. आम्ही त्यांना त्या सुशिक्षित गृहस्थांचा सवाल सांगितला. ते फक्त हसले आणि वहीत एक नाव राहिले होते ते लिहू लागले.

आमचे वाचकांना सांगणे एवढेच आहे. त्या दोन वर्षांत आपल्या घरातून, गल्लीतून, विहारातून कोण गेले, कोणी कोणाला भाकरी दिली, कोणी दार लावून घेतले, हे लिहा. गाणे येत असेल तर गाणे करा, चित्र येत असेल तर चित्र काढा, काहीच येत नसेल तर वहीत नावे लिहा. लिहिता येत नसेल अशा आजीपाशी बसा आणि ती सांगेल ते उतरवून घ्या. शंभर वर्षांनी कोणी आपल्याला शोधायला आले, तर त्याच्या हाती नुसता आकडा लागू नये.